काकांची १९६८ ची फियाट ११०० : किती करायचं आणि कुठे थांबायचं?

धरमपेठी | ६ ऑक्टोबर २०२४, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या घरामागे टिनाच्या शेडमध्ये १९६८ ची फियाट ११०० डिलाइट उभी आहे. डुक्कर फियाट नव्हे, तिच्यानंतरची. मोठ्या काकांनी नंबर लावून, काही वर्षं वाट बघून घेतली होती. १९८१ मध्ये ती बाबांकडे आली आणि २००६ पर्यंत रोज चालली. त्या वर्षी मे महिन्यात वर्धा रोडवर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेलं. दोरी बांधून ओढत घरी आणली, "पावसाळा झाला की बघू" म्हणून उभी केली, ती तशीच राहिली. अठरा वर्षं झाली.

काका आता नाहीत. बाबा ७९ चे आहेत. पुढच्या वर्षी घराचं काम निघणार, शेड पडणार. म्हणजे गाडी एक तर रस्त्यावर यायला हवी, नाही तर जायला हवी. ती जाऊ द्यायची नाही एवढं घरात सगळ्यांचं ठरलं आहे. पुढचं काहीच ठरत नाही.

सध्याची अवस्था : टायर बसलेले. बाहेरून पांढरा रंग, छतावर भेगाळलेला. डाव्या मागच्या मडगार्डला पोचा आहे, तो १९९७ मध्ये गाडी शिकताना मीच फाटकावर मारला होता. सीटचं रेक्झिन ड्रायव्हरच्या बाजूला फाटून काथ्या बाहेर आलाय. इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळतो. डॅशबोर्डवर टेकडी गणपतीची चुंबकाची मूर्ती अजून जागेवर आहे.

तीन ठिकाणी विचारलं. एक जण म्हणतो, सगळी उघडून नवीकोरी करून देतो, आठ लाख. दुसरा म्हणतो, ऐंशी हजारांत सुरू करून देतो, बाकी हात लावायचा नाही. तिसऱ्याला आजच्या गाडीचं इंजिन, एसी आणि पॉवर स्टिअरिंग बसवायचं आहे. "म्हणजे वापरता येईल" म्हणतो.

तिघांचंही ऐकताना पटतं, घरी आलो की एकाचंही पटत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगावं, कुठपर्यंत जायचं?

चारचाकी_वेडा | ६ ऑक्टोबर, रात्री १०.१५

भाऊ, पहिल्यांदा अभिनंदन. इंजिन नंबर जुळणारी, एकाच घरात राहिलेली डिलाइट आता सहज मिळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. करायचंच तर पूर्ण करा. पत्र्यापर्यंत रंग काढा, प्रत्येक नट-बोल्ट सुटा करा, क्रोम नव्याने चढवा, कंपनीतून निघाली तशी उभी करा. मी माझ्या १९७६ च्या पद्मिनीचं अर्धंमुर्धं काम दोनदा केलं आणि दोन्ही वेळा पैसे पाण्यात गेले. वरून रंग मारला, दुसऱ्या पावसाळ्यात दरवाजाच्या खालून फुगे आले. शेवटी तिसऱ्यांदा सगळी उघडली तेव्हा कुठे शांत झोप लागली. तुमच्या बाबांनीही ती शोरूममधल्यासारखी बघावी असं मनापासून वाटतं.

लेथवाला_भाऊ | ७ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

धरमपेठी दादा, आठ लाख की ऐंशी हजार हे आत्ता ठरवूच नका. गाडीच्या पोटात काय आहे ते अजून कोणीच पाहिलं नाही, त्या तिघांनीही नाही. गांधीबागेत आमचं लेथचं दुकान आहे. वडिलांच्या काळापासून या १०८९ सीसीच्या इंजिनांचे ब्लॉक आमच्याकडे बोअरिंगला (सिलिंडर आतून घासून मोठे करायला) येऊन राहिले आहेत, त्यावरून सांगतो.

या गाडीला वेगळी चासी नाही. जीपला खाली शिडी असते आणि वर बॉडी ठेवलेली असते, तसं हिचं नाही. तळाचा पत्रा, दरवाजाखालच्या दोन्ही सिल, खांब, छत असं सगळं मिळून गाडीचा सांगाडा आहे. सिल कुजली की गाडी मधून खचते. वरून कितीही चमकवा.

म्हणून आधी एवढं करा. साधं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून मडगार्ड, दरवाजाचा खालचा वीतभर भाग आणि सिल यांवरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. मग खाली झोपून पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा ठण्ण वाजतो, कुजलेला बद्द. बद्द वाजला तिथे टोक दाबा, आत गेलं तर खडूने खूण करा. समोरच्या काचेखाली हवेची जाळी असते, तिच्या खालची पन्हळ उघडून बघा. आपल्याकडे घरोघरी कडुनिंब. पानं तिथे साचतात, पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी आतल्या बाजूने पायाखाली उतरतं. नागपूरची हवा कोरडी, समुद्र नाही, म्हणून इथल्या गाड्या मुंबईच्या गाड्यांपेक्षा बऱ्या निघतात. पण या एका जागी आपल्याही गाड्या खातात.

इंजिनला स्टार्टर मारू नका, कोणी कितीही घाई केली तरी. गॅस्केट जाऊन उभी राहिली म्हणजे सिलिंडरात पाणी गेलं असणार. चारही प्लग काढा, डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं-अर्धं मिसळून थोडं थोडं सोडा, आठवडाभर भिजू द्या. मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हलवून बघा. जोर करायचा नाही. पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असताना झटका बसला तर पिस्टन तुटतो.

हे झालं की लिहा. रंगाची, क्रोमची गोष्ट त्यानंतर.

हिंगणा_रोड | ७ ऑक्टोबर, दुपारी २.३०

दादा, मी तुमच्या पुढच्या टोकाला उभी आहे, म्हणून लिहिते.

माझ्या बाबांची अँबेसिडर मार्क टू होती. ते गेल्यावर वर्षभराने मी ती एका गॅरेजला दिली आणि "सगळं नवीन करा" एवढंच सांगितलं. त्यांनी काम वाईट केलं असं मी म्हणणार नाही. पत्रा सरळ, रंग आरशासारखा, इंजिन एका चावीत सुरू. पण गाडी घ्यायला गेले तेव्हा दार उघडल्याबरोबर कळलं. सीटला मरून रंगाचं चौकटी शिवणीचं नवं रेक्झिन. स्टिअरिंग नवं. जुनं कुठे आहे विचारलं, तर भंगारात गेलं म्हणाले.

त्या स्टिअरिंगवर घड्याळातल्या दहाच्या जागी बाबांच्या बोटांनी पडलेली खाच होती. लहानपणी मांडीवर बसून मी त्या खाचेत बोट घालायचे. ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगायची गोष्ट आहे हे मलाच माहीत नव्हतं. दोष त्यांचा कमी, माझा जास्त.

आणखी एक. इतका महागडा रंग झाल्यावर मी ती बाहेरच काढत नाही. बर्डीच्या बाजारात नेली तर कोणीतरी घासून जाईल, चिंचेखाली लावली तर डाग पडतील. दोन वर्षांत अकराशे किलोमीटर. बाबा तेवढी महिन्यात चालवायचे.

तुम्ही एक करा. कोणालाही गाडी देण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकेकदा आत बसवा आणि विचारा, यातलं काय गेलं तर तुम्हाला दुखेल? ती यादी लिहून गॅरेजवाल्याच्या हातात द्या. आणि निघालेला एकही तुकडा फेकायचा नाही हे आधीच कबूल करून घ्या.

चारचाकी_वेडा | ७ ऑक्टोबर, सायंकाळी ६.१०

ताई, हे वाचून गप्प झालो. माझ्या पद्मिनीत जपावं असं कोणाचं काही नव्हतं, मी ती बाहेरून घेतली होती. तो फरक मी धरलाच नाही.

धरमपेठी | २० ऑक्टोबर, रात्री ८.५०

उशीर झाला. भाऊंनी सांगितलेलं सगळं केलं, दोन रविवार लागले.

दोन्ही सिलला पुढच्या टोकाशी भोकं आहेत, डावी जास्त. ड्रायव्हरच्या पायाखाली रबरी मॅट उचलली तर जमीन दिसली. जाळीखालच्या पन्हळीतून ओंजळभर काळी माती झालेला कडुनिंबाचा पाला निघाला, अगदी भाऊ म्हणाले होते तसाच. छत, खांब, डिकीचा तळ ठणठणीत. पुट्टी फक्त उजव्या पुढच्या मडगार्डला. इंजिन नवव्या दिवशी हललं. पान्याला किंचित ढील जाणवली आणि मग पुली पाव फेरा फिरली. मी आणि माझा मुलगा दोघेही ओरडलो, घरातले धावत आले.

पण त्यापेक्षा वेगळंच एक सापडलं. मागच्या दरवाजाच्या चौकटीत, दार लावल्यावर झाकलं जातं तिथे, मी दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून रुपयाच्या नाण्याएवढी जागा घासली. वरचा पांढरा थर गेला. त्याखाली अजून एक पांढरा, जरा पिवळट. मग प्रायमरची राखाडी रेघ, आणि मध्ये निळसर राखाडी रंगाचा ठिपका उघडा पडला. झाडाच्या बुंध्यात वर्षांची वलयं दिसतात तसं दिसत होतं. हा रंग मी आयुष्यात कधी पाहिलेला नाही. माझ्यासाठी आमची गाडी जन्मापासून पांढरी.

म्हणजे आता मूळ रूपात आणायची म्हटलं, तर कोणतं मूळ? काकांची निळसर राखाडी की बाबांची पांढरी?

पुणेकर_११०० | २० ऑक्टोबर, रात्री १०.३०

या प्रश्नाशी लोक खूप झगडले आहेत. जुन्या वाहनांची फिवा नावाची जागतिक संघटना आहे. तिने यासाठी 'ट्युरिन सनद' केली. इमारती आणि स्मारकं कशी जपावीत यावर १९६४ ची व्हेनिस सनद आहे, तिच्याच धर्तीवर. तिचा कल सरळ आहे : जे आहे ते टिकवणं पहिलं, बिघडत चाललेलं थांबवणं त्यानंतर, आणि नव्याने घडवणं अगदी शेवटी. गाडीच्या आयुष्यात झालेले बदल हाही तिच्या इतिहासाचाच भाग मानला जातो. आज एखादा बदल करावाच लागला तर तो डोळ्यात न येणारा, शक्यतो परत काढता येणारा हवा, आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपून ठेवायचे.

इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माजोरे सरोवराच्या तळातून २००९ मध्ये १९२५ ची बुगाटी बाहेर काढली. लिलावात ती लाखो युरोंना गेली आणि विकत घेणाऱ्या संग्रहालयाने तिला दुरुस्त न करता, गंजलेली, तशीच मांडली. दुरुस्त केली असती तर ती आणखी एक चकाचक बुगाटी झाली असती.

या हिशोबाने तुमचा पांढरा रंग 'चुकीचा' नाही. तो कधी आणि कशासाठी मारला, ते कळलं तर लिहून ठेवा. कामाआधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो घ्या, तारखेसकट.

लेथवाला_भाऊ | २१ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

पुणेकर साहेबांचं पटलं. एक जोडतो. ती बुगाटी संग्रहालयात उभी राहायची होती. ही गाडी व्हरायटी चौकात सिग्नलला थांबणार आहे, मागून सिटी बस येणार आहे, आत नातू बसलेला असणार आहे. ब्रेक, स्टिअरिंग, सिल, तळ, वायरिंग, पेट्रोलचा पाइप, टायर. इथे जुनं जपायचं नाही. इथे पैसे कमी पडत असतील तर गाडी अजून वर्षभर उभी ठेवा, पण अर्धं काम करू नका. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी अठरा वर्षांचं रबर आहे, ते जाणारच.

सिव्हिल_लाईन्स | २१ ऑक्टोबर, रात्री ९.२०

कागदांचं कोणी बोललं नाही म्हणून मी लिहितो. तुमचं 'किती करायचं' याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते, म्हणजे तुमची बसते. अट अशी की ती मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, त्यानंतर दर पाच वर्षांनी ५,००० रुपये. नव्याने नोंदणाऱ्या गाडीला नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. तुमचा एमएच-३१ च्या आधीचा नंबर असेल, तो जाऊ देऊ नका.

पण विंटेज नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. व्यावसायिक वापर तर नाहीच. रविवारी घरच्यांना घेऊन रामटेकला जायचं असेल, तर साधी नोंदणी नूतनीकरण करा. दर पाच वर्षांनी तपासणी, पर्यावरण कर, शिवाय इतक्या वर्षांच्या उशिराचा दंड, हे धरून चला.

तिसऱ्या गॅरेजवाल्याचं इंजिन बदलायचं म्हणणं तर सोडूनच द्या. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पक्कं केलं आहे. परवानगी घेऊन इंजिन बदलता येतं, पण मग विंटेजचा रस्ता कायमचा बंद.

आणि एक बघा. आरसी बुकात रंग कोणता लिहिलाय?

धरमपेठी | २१ ऑक्टोबर, रात्री ९.४५

आत्ता काढून पाहिलं. 'ग्रे' लिहिलंय! चाळीस वर्षं कोणाच्याच लक्षात आलं नाही.

सिव्हिल_लाईन्स | २१ ऑक्टोबर, रात्री ९.५२

म्हणूनच विचारलं. तपासणीला नेण्याआधी एक तर रंग नोंदीप्रमाणे करा, नाही तर नोंद रंगाप्रमाणे करून घ्या. नोंद बदलणं स्वस्त आहे.

तर्री_पोहा | २२ ऑक्टोबर, दुपारी १२.१५

पेट्रोलबद्दल कोणीच लिहिलं नाही, ते मी लिहितो. माझी १९७९ ची पद्मिनी दर आठवड्याला रस्त्यावर असते.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. माझ्या गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आठ महिन्यांत फुगून वेडावाकडा झाला, पाइप हाताला चिकट लागायला लागला. गरम इंजिनाशेजारी पेट्रोल गळणं म्हणजे काय ते सांगायला नको. इथेनॉलला चालतील असे पाइप आणि पडदा घाला, बाहेरून फरक कळत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून टाकी भरून ठेवण्यापेक्षा गाडी चालवत राहा. कार्बुरेटरचा मुख्य जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक नंबर मोठा लागू शकतो, कारण या पेट्रोलवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं.

आणि आपला मे महिना! ४५-४६ डिग्रीत सिग्नलला पाच मिनिटं उभी राहिली की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, गाडी बंद. पूर्वी लोक ओलं फडकं पंपावर टाकायचे, मी अजूनही डिकीत फडकं आणि बाटली ठेवतो. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या बाजूने गेला असेल तर तो लांब घ्या. रेडिएटरच्या पितळी टाक्या तशाच ठेवून आतली जाळी नवीन टाकून मिळते, ते करा. हेडलाइटला रिले टाका, जुन्या बटणावरचा भार कमी होतो. हे सगळं पुढे कोणाला काढावंसं वाटलं तर अर्ध्या तासात काढता येतं. एसीसाठी डॅशबोर्ड कापला की तो परत येत नाही बाप्पा, एवढं लक्षात असू द्या.

हिंगणा_रोड | २५ ऑक्टोबर, सकाळी ११.००

दादा, एक राहिलं. बाबांना विचारलंत का?

धरमपेठी | ३ नोव्हेंबर २०२४, रात्री १०.०५

ताई, तुमचा प्रश्न वाचला तेव्हा खरंच चमकलो. महिनाभर आम्ही त्यांच्यासमोर गाडीबद्दल बोलून राहिलो होतो आणि त्यांना कोणीच विचारलं नव्हतं.

भाऊबीजेला आज आत्या आली होती, सगळे घरी होते. बाबांना धरून शेडपर्यंत नेलं, ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. त्यांनी आधी गिअरचा दांडा हातात घेतला. या गाडीचा गिअर स्टिअरिंगला असतो. न बघता चारही गिअर टाकून पाहिले. मग मी दरवाजाच्या चौकटीतला तो निळसर ठिपका दाखवला. त्यांनी चष्मा काढला, अंगठ्याने तो ठिपका पुसला आणि म्हणाले, "दादाचा रंग."

मग कळलं. १९८३ मध्ये आत्याचं लग्न होतं. वरात आपल्याच गाडीतून निघावी असं आजीला वाटत होतं आणि राखाडी गाडीतून मुलगी पाठवायची नाही म्हणून हटून बसली. लग्नाच्या तीन दिवस आधी महालातल्या एका पेंटरने रात्री जागून पांढरा मारला. घाईत प्रायमर नीट वाळला नाही, म्हणूनच छताला भेगा. आत्या शेडच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. ती म्हणाली, "वरातीत माझ्या शालूला पांढरा रंग लागला होता. तो डाग अजून आहे, आणू का दाखवायला?"

बाबांना विचारलं, कोणत्या रंगात बघायची? बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पांढरी राहू दे. दादाचा ठिपका झाकू नको. आणि ब्रेक नीट कर, तो आधीपासूनच डावीकडे ओढायचा."

आमचं ठरलं.

लेथवाला_भाऊ | ४ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

बाबांना माझा नमस्कार सांगा. आता कामाचा क्रम लिहून घ्या, कारण तो चुकला तर झालेलं काम पुन्हा फोडावं लागते.

आधी पत्रा. सिल कापण्याआधी दोन्ही बाजूंच्या दरवाजांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्या, गाडी सपाट जागेवर चार ठिकाणी टेकवून. तसं न करता सिल कापली तर बॉडी केसभर खचते आणि मग जन्मभर दरवाजे लागत नाहीत. एका वेळी एकच बाजू. कुजलेलं सगळं कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जायचं, कुजलेलं झाकायला वरून तुकडा मारायचा नाही. तोच वेल्डर असताना खांबाला आणि तळाला आतून जाड पट्टी आणि नट वेल्ड करून ठेवा, पुढच्या सीटबेल्टसाठी. या गाडीला बेल्ट नाहीत, नंतर करायचं म्हटलं की रंग जळतो.

मग ब्रेक. चारही ड्रम लेथवर घासून घ्या. चाकांचे सगळे सिलिंडर, मास्टर सिलिंडर, पाइप नवे. ओढतो डावीकडे म्हणजे बहुधा उजव्या चाकाचा सिलिंडर अडकत असेल, तिथला पाइपही आतून फुगलेला असू शकतो.

ब्लॉक माझ्याकडे पाठवा. किती बोअर लागेल ते मोजून सांगतो, लागेल त्यापेक्षा एक साइजही जास्त नेणार नाही. ब्लॉकला पुढच्या वेळेसाठी जागा ठेवायची असते.

चारचाकी_वेडा | ४ नोव्हेंबर, रात्री ९.१५

माझ्याकडे डिलाइटचं उजवं पुढचं मडगार्ड आहे, मूळ, पुट्टी नसलेलं. मी वापरलं नाही. तुम्हाला हवं असेल तर घेऊन जा, पैसे नको.

धरमपेठी | १४ डिसेंबर २०२५, रात्री ८.३०

तेरा महिन्यांनी येतोय. ज्यांनी फोनवरून मदत केली त्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहितो.

दोन्ही सिल आणि ड्रायव्हरच्या बाजूचा तळ नवा. दरवाजे पूर्वीसारखेच लागतात, एका बोटाने. ब्लॉक चाळीस थाउ (इंचाचे चाळीस हजारांश) बोअर झाला, दोन सिलिंडरांत पाण्याने पडलेले खड्डे त्याशिवाय निघत नव्हते. ब्रेक, वायरिंग, पेट्रोलचा मार्ग, रेडिएटरची जाळी, टायर, सगळं नवं. उजव्या ब्रेकच्या पाइपचं भाऊंनी न बघता सांगितलेलं खरं निघालं, आतून बुजला होता.

पांढरा रंग बाहेरून तसाच आहे. फक्त धुऊन, हलकं पॉलिश करून घेतला. सिल आणि मडगार्डला नवा पांढरा मारावा लागला. पेंटरने चार वेळा रंग जुळवला, तरी तिरप्या उन्हात जोड दिसतो. तो ठेवला. छताच्या भेगा भरल्या नाहीत, पाणी आत जाऊ नये म्हणून वरून पारदर्शक थर दिला. काकांच्या ठिपक्यावरही तसाच पारदर्शक थर दिला. ड्रायव्हरच्या सीटचा फाटलेला एकच पट्टा बदलला, बाकी रेक्झिन जुनं, आतला काथ्याही जुना. मडगार्डचा पोचा मी काढायला सांगितला होता, मुलाने काढू दिला नाही.

एका गोष्टीबद्दल अजून मन खात आहे. पुढच्या बंपरचं क्रोम मी नवं करून घेतलं. बाकी गाडीसमोर ते एकटंच फार चमकतं. आज असतो तर केलं नसतं.

खर्च तीन लाख चाळीस हजार. विंटेज नोंदणी घेतली नाही, साधं नूतनीकरण केलं. ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांची फी ५,००० वरून १०,००० झाली, आमचा अर्ज त्यानंतर गेला, त्यामुळे ती भरावी लागली. रंगाची नोंद 'व्हाइट' झाली. जुना नंबर कायम.

गेल्या रविवारी रामटेकला जाऊन आलो. मनसरपर्यंत मी चालवली, मग बाबांनी नुसता हात केला. घाटाच्या पायथ्याच्या मोकळ्या जागेत त्यांना दोन फेऱ्या मारू दिल्या. मी शेजारी, हात हँडब्रेकवर. त्यांनी दुसऱ्या फेरीत मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिला गिअर टाकला.

हिंगणा_रोड | १४ डिसेंबर, रात्री ८.५५

दादा, डोळे भरले. मी काल माझी अँबेसिडर बाहेर काढली, बर्डीवर नेली आणि रस्त्याकडेला लावून तासभर बाजार केला. एक ओरखडा आलाय. चालतंय.

तर्री_पोहा | १४ डिसेंबर, रात्री ९.३०

मे महिन्यात फडकं विसरू नका जी. जेट कितीचा टाकला?

धरमपेठी | १४ डिसेंबर, रात्री ९.४१

एक नंबर मोठा, तुम्ही म्हणाला होता तसाच. प्लग आता बदामी रंगाचे निघतात, म्हणजे मिश्रण बरोबर.

लेथवाला_भाऊ | १५ डिसेंबर, सकाळी ६.३०

दादा, तुमच्या डब्यातले जुने चार पिस्टन आणि बंपरच्या डाव्या बाजूचे दोन मूळ बोल्ट माझ्याकडेच राहिले आहेत. गुरुवारी दुकान बंद असते, घेऊन येतो. बाबा घरी असतील ना?